नानांचा फर्स्ट क्लास गुडघा

गुडघा अधू आहे म्हणून सरकार ज्यांना पेन्शन देतं, आणि तो ठणठणीत आहे असं जे त्याच सरकारला छाती काढून सांगतात, असे गृहस्थ अख्ख्या खानदेशात एकच असतील, आणि ते नेमके आमच्या आत्याचे यजमान निघाले! चाळीसगावजवळच्या आमच्या गावात त्यांना सगळे नाना म्हणतात. फौज सोडून त्यांना जमाना झाला, पण घरात परेड अजून चालूच आहे. भरिताची वांगी भाजायला घेतली तरी उंचीनुसार रांगेत लावतात, आणि एखादं वाकडं निघालं की त्याला असं झापतात की आपणच सरळ होऊन बसावं. म्हशीला हुकूम हिंदीतून. म्हैस बिचारी ऐकते. आत्याचं मात्र त्या घरात कोणी ऐकत नाही. सीमेवरच्या बर्फात पडून त्यांचा गुडघा कामातून गेला, पण पडलो हे कबूल करतील तर ते नाना कसले! "मी उभाच होतो. डोंगर सरकला," असं बेधडक सांगतात.

आता या गुडघ्याची गंमत अशी, की त्याच्यापोटी मिळणारी जादा पेन्शन दर काही वर्षांनी तपासणी करून ठरायची. अधूपणाचे टक्के घसरले तर रक्कम कमी, फारच घसरले तर बंद. आत्याचं निम्मं घर त्यावर चालतं, त्यामुळे तपासणीचं बोलावणं आलं की तिला घास गिळवत नाही. आणि नाना? लग्न ठरल्यासारखे खूश! बुटांना पॉलिश, मेडलांना चिंचेचं पाणी, मिशांना तेल, आणि पहाटे उठून चालण्याचा सराव. अहो, लंगडणं लपवण्याचा सराव!

मागच्या वेळी सोबत मी गेलो. चाळीसगाव स्टेशनवर आत्याने बजावलं, "तुम्हना पाय दुखस, इतलंच सांगा. बाकी चूप बठा."

"मना पाय भारी शे, एकदम ठणठणीत," नाना गरजले. "फौजमा जाईसन खोटं बोलू का?"

लष्करी दवाखान्यातले मुख्य डॉक्टर नानांच्या निम्म्या वयाचे. पण त्यांच्या खांद्यावरचे तारे दिसताच नानांनी असा सॅल्यूट ठोकला की दारातला शिपाईही ताठ झाला.

"गुडघा कसा आहे?"

"फर्स्ट क्लास, साब!"

मी कपाळावर हात मारला. डॉक्टर म्हणाले, उकिडवे बसून दाखवा. नाना दणक्यात बसले. बसले ते बसलेच! घाम फुटला, चेहरा लालेलाल झाला, तरी म्हणतात कसे, "साब, इथूनच बोलतो, बरं वाटतंय." शेवटी डॉक्टर स्वतः उठले, आणि आम्ही दोघांनी काखेत हात घालून त्यांना उभं केलं. मग डॉक्टरांनी गुडघा हलक्या हाताने चाचपला.

"हवालदारसाहेब, हा आता सुधारायचा नाही. टक्के कायमचे करून टाकतो. पुन्हा तपासणीला यायची गरज नाही."

मी बाहेर येऊन तिथूनच आत्याला फोन लावला. तिला आनंदाने रडू फुटलं. मला तर नाचावंसं वाटत होतं. नाना मात्र फाटकाशी थांबले. पहाऱ्यावरच्या जवानाने त्यांची मेडलं पाहून सॅल्यूट केला. नानांनी उलट सॅल्यूट दिला, आणि हात खाली आणायलाच विसरले.

"म्हणजे आता ते मला कधीच बोलावणार नाहीत?"

मी घड्याळ पाहिलं. गाडीला अजून वेळ होता. आम्ही फाटकासमोरच्या टपरीवर चहा घेत बसलो, आणि चहा संपला तरी उठायची घाई मी केली नाही.