झाकणावरचा अंगठा

बाजारात नवी हळद आली की तिच्या उग्र वासानं मला हिंगोलीतलं पोलीस ठाणं आठवतं, कारण त्या दुपारी तिथल्या खिडकीतून तोच वास येत होता. बाबा जाऊन दीड महिना झाला होता आणि एसटीतून चोरीला गेलेला माझा लॅपटॉप सापडल्याचा फोन आला होता. आजारपणात बाबांनी सांगितलेल्या गोष्टी मी त्यात रेकॉर्ड करून ठेवल्या होत्या. त्यांचा आवाज दुसरीकडं कुठंच नव्हता. टेबलावर एकसारखे तीन काळे लॅपटॉप मांडले होते. "तुमचा कोणता? काही खूण हाय का?" हवालदारांनी विचारलं. मी मधल्याच्या झाकणावरचा अंगठ्याचा पिवळा ठसा दाखवला. चांगले हिंडते-फिरते होते तेव्हा बाबांनी हळद निवडता निवडता उठून तसल्याच हातानं लॅपटॉप बंद केला होता. हवालदारांनी लॅपटॉप चालू करून माझ्याकडं वळवला. आत काहीच नव्हतं. "चोरानं पुसून टाकलं असंल," ते हळू आवाजात म्हणाले, "पण वस्तू तरी मिळाली बघा." मी व्हय म्हणालो आणि त्यांनी बोट ठेवलं तिथं सही केली. रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. हट्ट्याला घरी पोचलो तेव्हा आई दारातच उभी होती. "तुझ्या बाबाचा आवाज हाय ना त्याच्यात?" तिनं विचारलं. "हाय," मी म्हणालो. तिनं मान हलवली आणि पाणी आणायला आत गेली. त्याला आता सहा वर्षं झाली. तो आवाज लाव, असं आई मला एकदाही म्हणाली नाही.