न शेकलेला डफ

बाप वारला तेव्हा मी सहावीत होतो. एक एकर धानाची बांधी, तिच्यातही पाणी टिकायचं नाही. आई दुसऱ्यांच्या रोवणीला जायची आणि आम्ही भावंडं दुपारी पेज पिऊन राहायचो. मोठाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ कवडूजी, हे खडी गंमतचे शाहीर. हिवाळाभर डफ घेऊन गावोगाव उभ्यानं गात फिरायचे आणि परतताना धानाचं पोतं आधी आमच्या दारात उतरवायचे. त्या धानावर मी शिकलो, घराण्यातला पहिला बी.ए. झालो. हे मी ताठ मानेनं सांगतो. पुढचं सांगताना मान खाली जाते.

गेल्या महिन्यात त्यांच्या पार्टीतले तुणतुणेवाले मुखरूभाऊ यांचा फोन आला. "बाबू, शाहीर गेले गा. सकाळी चहा पेले, भितीले टेकून बसले... बस." फोन ठेवल्यावर मला आधी रडू आलं नाही. आधी ती घंटी आठवली.

आरमोरीत आम्ही काही शिकलेल्या मित्रांनी लोकसंगीताचा महोत्सव सुरू केला, त्याचा मी सचिव. प्रत्येक पार्टीला दहा मिनिटं, वेळ संपली की टेबलावरची घंटी. हा नियम माझाच. गेल्या वर्षी उद्घाटनाला नागपूरचे मोठे पाहुणे आले होते. सकाळी दाट धुकं होतं. ओलसर हवेत डफाचं कातडं सैल पडतं, म्हणून वाजवण्याआधी तणशीच्या, म्हणजे धानाच्या वाळल्या काडाच्या जाळावर तो शेकावा लागतो. हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. तरी मोठाबा मंडपामागे तणस पेटवून बसलेले दिसले तसा मी धावत गेलो.

"मोठाबा, इथी इस्तो नाई. पाहुण्यांकडे धूर जाऊन राह्यला."

"अरे, डफ थंडा आहे. असा वाजवला तं भोपळा बडवल्यावानी वाटंल."

"तसाच वाजवा ना. दहा मिनिटं तं आहेत."

ते हसले. "दहा मिनिटांत तं आमचा गणपतीच येत नाई, बाबू." पण पायानं जाळ विझवला.

डफ थप्प थप्प वाजला. पुढची कॉलेजची पोरं खिदळली. गण, म्हणजे सुरुवातीचं गणपतीला बोलावणं, अजून संपायचं होतं आणि मी घंटी मारली. मोठाबा ओळीच्या मध्येच थांबले. मुखरूभाऊंचं तुणतुणं जरा वेळ एकटंच वाजत राहिलं...

खाली आल्यावर पाहुण्यांनी मला विचारलं, "हे म्हातारबाबा कोण? तुमच्या ओळखीचे?" मोठाबा हातभर अंतरावर उभे होते, डफ काखेत. मी म्हणालो, "असतील जवळच्या खेड्यातले." इतकं शिकून मला एवढंच सुचलं. मोठाबांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. पाहुण्यांना म्हणाले, "हो साहेब, इकडचेच आहो आमी. या सरांनी बोलावलं, किरपा झाली." आणि मला हात जोडले. माझं खोटं उघडं पडू नये म्हणून.

होळीनंतर माफी मागायला गेलो. अंगणात मोहफुलं वाळत होती. "काऊन आला उन्हाचा?" म्हणाले आणि सावलीतली बाज माझ्याकडे सरकवली. मी बराच वेळ बसलो, बोललो ते सगळं धानाबद्दल. निघताना तेच म्हणाले, "पुढच्या साली घंटी घरी ठेव. तणस मी आणतो." मी हसलो. माफी राहून गेली ती गेलीच.

त्यांचा डफ आता माझ्या घरी चुलीजवळच्या खुंटीला आहे. थंडीत तेही तो आपल्या चुलीजवळच टांगायचे, असं आई म्हणाली. यंदा महोत्सवाच्या सकाळी मी पाहुण्यांच्या खुर्च्यांसमोर तणशीचा जाळ केला. धूर त्यांच्याकडेच गेला. डफ शेकून मी पार्टीच्या नव्या शाहिराच्या हाती दिला आणि माइकवर सांगितलं, हा कवडूजी शाहिरांचा डफ आहे, ते माझे मोठाबा होते. टेबलावर घंटी नव्हती. सगळ्या पार्ट्यांनी गण पुरा म्हटला.