हातात दिलेला नारळ

आमच्या गडहिंग्लज भागात पोरगं चालायला लागलं की आईच्या आधी बॉलकडं जातं. पुण्याकडच्या माणसाला हे सांगितलं की तो हसतो. त्याला वाटतं, खेड्यात कुठला आलाय फुटबॉल. हसू दे त्याला.

दामोदर त्यातलाच. बेंगळुरूच्या सरकारी कारखान्यात फिटर म्हणून चिकटला तो पायाच्या जोरावर. कारखान्याच्या टीमला डावीकडचा बॅक पाहिजे होता. हातातली कला मागनं आली. जन्म सगळा कानडी मुलखात गेला, पण बोली त्यानं सोडली नाही. कानडीसुद्धा गडहिंग्लजच्या चालीत बोलायचा. भाजीवाली अक्का म्हणायची, "तुमचं कानडी शेणात पडल्यागत वाटतंय, अण्णा." हा म्हणायचा, "शेणातच उगवतंय सगळं. मेथी घाल."

रिटायर झाला आणि घरात फिरायला लागला. या खोलीतनं त्या खोलीत. बायको, हेमलता, एक दिवस लाटणं ठेवून म्हणाली, "दिसभर मांजरागत पायात येताय. जावा की कुठंतरी."

तो गेला वसाहतीमागच्या पडीक जमिनीवर. सरकारी जागा. पूर्वी तळं होतं म्हणे. आता लोक पाडलेल्या घरांच्या विटा, फुटके कमोड, शहाळ्याची टरफलं आणून टाकत. दामोदर घमेलं घेऊन दगड वेचायला लागला. पहिल्यांदा लोकांना वाटलं, म्हातारा बिघडला. मग एकानं फावडं आणलं, दुसऱ्यानं पाण्याचा पाइप. दोन पावसाळे गेले आणि मैदान झालं. पाइप जोडून गोलपोस्ट उभे राहिले. झाडूवाल्यांच्या लाइनीतली पोरं, टॉवरमधली पोरं, पोरी सगळ्या तिथंच. कुणी कुणाला विचारायचं नाही. कडेनं एखादी म्हैस चरत असली तर तिलाही नाही.

हयवदन तिथंच भेटला. कानडी बामण, पोस्टातनं निवृत्त. नोकरीची निम्मी वर्षं बेळगावात काढलेली, त्यामुळं मराठी येत होती. फुटबॉल अजिबात येत नव्हता. घडीची खुर्ची आणि छत्री घेऊन गोलामागं बसायचा आणि बॉल कुठूनही गेला तरी "गोल" म्हणायचा.

"अरं खुळ्या, दांडीवरनं गेला त्यो," दामोदर म्हणायचा.

"वरनं गेला म्हंजे जास्तीच झाला की, दामण्णा."

रोजचं हे. संध्याकाळी दोघं मिळून हयवदनाच्या घरी कॉफी पिऊनच पांगायचे.

मग शहरातल्या एका मोठ्या क्लबची नजर त्या जागेवर पडली. सरकारकडं त्यांनी ती लांब मुदतीच्या भाड्यानं मागितली. स्टेडियम बांधणार, खाली दुकानं, बाजूला हॉटेल, आणि वर्षातले थोडे दिवस लोकांसाठी खुलं. थोडे दिवस. वसाहतीत मीटिंग झाली. हयवदन सगळ्यांपुढं उभा राहून म्हणाला, "जागा लोकांची हाय. कोर्टात जायचं." अर्ज त्यानंच लिहिला. खाली दोघांची नावं. वर कुणाचं, यावर हयवदन म्हणाला, "ज्यानं दगड वेचले त्याचं. मी नुसता बसून होतो."

आता एक सांगायला पाहिजे, जे दामोदरनं हयवदनाला कधी सांगितलं नाही. जन्मभर यानं मोठा सामना बघितला तो उभं राहून. लहानपणी गडहिंग्लजला कंपाउंडच्या भिंतीवर बसून, पुढं कारखान्याच्या धुळीत. चारी बाजूंनी पायऱ्या, मधी हिरवं गवत, वर दिवे, असं एक स्टेडियम आपल्या वस्तीत असावं, हे त्याच्या पोटात होतं. क्लबनं छापून आणलेलं स्टेडियमचं चित्र पेपरात आलं, तेव्हा तो पानं उलटायचं विसरला. हेमलतानं बघितलं.

क्लबचा माणूस घरी आला. हर्ष त्याचं नाव, पुण्याचा. सोफ्याच्या कडेवर बसला.

"काका, तुम्ही अपोज करताय, फाइन, तो तुमचा राइट आहे. पण तुमच्यासारखा पॅशनेट माणूस बेंगळुरूत दुसरा नाही."

"प्याशन ऱ्हाऊ द्या, च्या घ्या."

"आम्ही मुलांची टूर्नामेंट घेतोय, तुमच्याच ग्राउंडवर. ओपनिंग तुमच्या हस्ते. बस्स, एवढंच."

हयवदनानं ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "जाऊ नको, दामण्णा. ती माणसं फुकट हार घालत नाहीत."

"पोरं खेळणार हाईत, हयवदना. पोरं खेळतेत तिथं मी जायाचं न्हाई म्हंजे काय?"

"मग जा. पण बॉल मार आणि परत ये. दुसरं काही हातात घेऊ नको."

आमच्याकडची एक रीत इथं ठाऊक पाहिजे. मोसम सुरू व्हायच्या दिवशी गोलपोस्टच्या पायाशी नारळ फुटतो. तो फोडायचा मान सगळ्यांत जुन्या खेळाडूचा. आणि एकदा नारळ हातात दिला की तो खाली ठेवायचा नाही, परत द्यायचा नाही, दुसऱ्याच्या हातात सारायचा नाही. नको म्हटलं म्हणजे माणसाला नाही, मैदानाला नको म्हटलं. भाऊबंदकीत कोर्टात उभी असलेली माणसंही हातात आलेला नारळ फोडूनच बाजूला झालेली आहेत. दामोदर हे बघत वाढला.

त्या दिवशी मैदानावर मंडप होता. लाल पिवळ्या पताका. पोरं नव्या जर्सीत, बघून डोळे निवावे अशी. दामोदरच्या डोक्यावर म्हैसुरी पेटा बसवला, अंगावर शाल. मग हर्षनं मागच्या फळीवरचं कापड ओढलं. फळीवर तेच स्टेडियम. पेपरातल्यापेक्षा कितीतरी मोठं. पायऱ्या, दिवे, हिरवं गवत. आणि त्याच दमात कुणीतरी दामोदरच्या हातात शेंडी राखलेला नारळ दिला.

त्याला कळलं. कळलं नाही असं नाही. गर्दीच्या पलीकडं छत्री दिसत होती. जाऊ नको म्हणणारा हयवदन स्वतःच आला होता बघायला. दोघांची नजर भेटली. हयवदनानं मान हलवली, एकदाच, नको अशी.

नारळ ठेवायला हात खाली जाईना. दामोदर वाकला, गोलपोस्टच्या पायाशी दगड होता, त्यावर त्यानं नारळ घातला. एका दणक्यात बरोबर मधोमध फुटला. टाळ्या झाल्या. फोटो निघाला. छत्री निघून गेली.

दुसऱ्या दिवशी हयवदन पेपर घेऊन आला. पेपर त्यानं टीपॉयवर ठेवला नाही, हातातच धरला.

"हे काय केलंस?"

"हातात दिलेला नारळ ठिवता येत न्हाई, हयवदना. आमच्यात रीत हाय."

"बोर्ड दिसत होता का तुला?"

"दिसत हुता."

हयवदनानं पेपरची घडी घातली. मग म्हणाला, "सरी, ठीक हाय. रीत असंल तर मी कोर्टात सांगतो. मला रीत कळते."

आणि सांगितलंही त्यानं. वकिलाला समजावलं, वकिलानं न्यायाधीशांना. क्लबच्या वकिलानं नुसता फोटो पुढं केला. पहिला अर्जदार पेटा बांधून, स्टेडियमच्या चित्राखाली, स्वतः नारळ फोडतोय. दामोदर उभा राहून म्हणाला, "नारळ मैदानाला फोडला सायेब, स्टेडियमला न्हाई." मागं कुणीतरी हसलं. दावा फोटोनंच हरला असं नाही, जागा द्यायचं वर कधीच ठरलं होतं, असं आपला वकील म्हणाला. पण त्या दिवसानंतर वसाहतीतले लोक तारखेला यायचे बंद झाले. खुद्द दगड वेचणाराच फिरला, म्हणाले, मग आपण कशाला पायपीट करायची.

निकाल क्लबच्या बाजूनं गेला आणि मैदानाला पत्रे लागले. निळे, उंच, चारी बाजूंनी. आतनं जेसीबीचा आवाज यायचा. गोलपोस्ट काढून भंगारवाल्याच्या गाडीवर घातले ते दामोदरनं गॅलरीतनं बघितलं. पोरं पांगली. टॉवरमधली पैसे भरून कुठल्याशा टर्फवर गेली. लाइनीतली रस्त्यावर खेळायला लागली आणि रिक्षावाल्यांच्या शिव्या खायला लागली. हयवदन दिसेना. दुधाच्या बूथवर दिसला तर वळून जाई.

हेमलता म्हणाली, "तुमी जावा त्यांच्याकडं. ते आता येत न्हाईत."

दामोदर गेला. संध्याकाळची वेळ, कॉफीचीच. दार हयवदनानं उघडलं. बस म्हणाला. आत जाऊन बायकोला काही बोलला आणि समोर येऊन बसला.

"चुकलं माझं," दामोदर म्हणाला. "जायाला नकोच हुतं."

"रीत होती तुमच्यात. मी कोर्टात तेच सांगितलं. खोटं सांगितलं नाही ना मी?"

"न्हाई. रीत खरीच हाय."

"मग एक विचारतो. फोटोत तू हसत होतास, दामण्णा. त्या दिवशी तुझ्याकडनं घरी आल्यावर मी पेपर भिंग घेऊन बघितला. नारळ ठेवता येत नाही, हे मान्य. हसायची पण रीत हाय काय?"

दामोदरला सांगता आलं असतं की नारळ सरळ फुटला म्हणून हसलो. तेही थोडं खरंच होतं. हयवदनानं ते धरूनही घेतलं असतं. त्याचं तोंड बघितलं तर तो तेवढ्यासाठीच थांबला होता.

"ते चित्र बघून आनंद झाला मला," दामोदर म्हणाला. "पायऱ्या, दिवे. वाटलं, हितं व्हावं. मैदान जाईल हे ठावं हुतं, तरी वाटलं."

"कधीपासनं?"

"आधीपासनंच. अर्जावर सही केली तवा पण."

हयवदन उठला. "कॉफी पिऊन जा," म्हणाला आणि आत गेला. त्याच्या बायकोनं स्टीलच्या पेल्यात कॉफी आणून ठेवली, दामोदरकडं न बघता. आत देवघरात पाण्याचा आवाज झाला, मग मंत्र सुरू झाले. संध्या हयवदनाची थोडक्यात असायची, कॉफी गार व्हायच्या आत तो परत येऊन बसायचा. त्या दिवशी मंत्र संपले, आतल्या खोलीतला पंखा लागला आणि खाट वाजली.

दामोदर पेला रिकामा करून उठला. "येतो, हयवदना," म्हणाला. पंखा फिरत राहिला. दार त्यानंच ओढून घेतलं.

घरी हेमलता दारातच उभी होती. "काय म्हणाले?"

"कॉफी दिली," तो म्हणाला, आणि चपला काढायला खाली वाकला तो बराच वेळ तसाच राहिला.