आप्पांचा कान

आमच्या शेजारच्या आप्पांनी निपाणीत जन्मभर परवान्याच्या बंदुका दुरुस्त केल्या. आता लोक जुनं रिव्हॉल्वर फोनवर बघतात आणि घेण्याआधी त्याचा व्हिडिओ आप्पांकडे आणतात. आप्पा डोळे मिटून फोन कानाला लावतात आणि गोळ्यांची चक्री फिरल्याचा आवाज ऐकतात. "फोटोत काय, सगळ्याच नवऱ्या गोऱ्या!" म्हणतात.

शेताच्या बांधावरून आमच्या मालकांची दिरांशी मारामारी झाली, त्याच आठवड्यात तेही फोन घेऊन आप्पांकडे गेले. परवाना त्यांच्याकडे होताच. मी मागे उभी होते.

"उसातल्या डुकरांसाठी पायजे, आप्पा."

"रिव्हॉल्वरनं डुकरं? जवळ बोलावून मारणार व्हय रं?"

मालक हसले नाहीत. आप्पांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि फोन कानाला न लावताच परत दिला.

"चक्री ढिली हाय. बोटं जातील. घेऊ नगं."

"मग दुसरं बघतो."

"बघ की. पण मला दावल्याबिगर घ्यायचं न्हाय."

संध्याकाळी मी त्यांच्याकडे वाटीभर आमटी नेली.

"कशाला गं?"

"जास्त झाली."

त्यांनी वाटी घेतली. मग हळू आवाजात म्हणाले, "दुसरंबी ढिलंच निघंल बघ, पोरी."