तबकडीची मागली बाजू

लोक मला अजून ‘पाटलाच्या तबकडीवाला शाहीर’ म्हणून ओळखतात. समोरचा कौतुकानं म्हणतो आणि माझ्या डोक्यात तिडीक जाते. ती तबकडी माझ्या धाकट्या बहिणीची होती, हे त्याला सांगून उपयोग नसतो.

आमचं गाव खर्ड्याच्या बाजूचं, आणि आम्ही गावकुसाबाहेरचे. पाटलानं विहीर खणली तेव्हा तळातून मातीच्या पाट्या वाहायला आमचीच माणसं होती, त्यात बहीणही होती. पाणी लागलं आणि दुसऱ्या दिवसापासून आम्हाला काठावर यायची बंदी झाली. एकदा उन्हाळ्यात पाटलानं तिला कळशीसकट हुसकलं. ती वळून म्हणाली, “पाटील, ह्या हिरीचं पयलं पानी माझ्या पायाला लागलंय, मंग तुमच्या तोंडाला.” त्या एका वाक्यापायी आमच्या वस्तीला महिनाभर गावात काम मिळालं नाही.

मी तेव्हा जलसा काढला होता. तिच्या वाक्यावर सवाल-जबाब बांधला. दोन्ही सोंगं माझीच. आधी पाटील यायचा. खाकरायचा, मिशीला पीळ द्यायचा, “लांब हो गं, माझं पानी लाजतंय” म्हणून मुरकायचा. लोक पोट धरून हसायचे. हसता हसता तोंडं उघडी असतानाच बाईचा जबाब यायचा आणि ती सगळी तोंडं मिटायची. गर्दीत दाटीवाटीनं बसलेल्या माणसाला मध्येच उठून जाता येत नाही, त्यामुळे जबाब ऐकावाच लागे. जलशाचं खरं बळ हे होतं, पण माझ्या ते ध्यानात आलं नव्हतं.

दुसरी जर्मन लढाई संपत आली तेव्हा मुंबईच्या एका रेकॉर्ड कंपनीच्या माणसानं संगमनेरला माझा जलसा ऐकला आणि बोलावणं धाडलं. तिथं हातात घड्याळ घेऊन बसलेले एक गृहस्थ म्हणाले, “एका बाजूला तीन मिनिटं.” आमचा सवाल-जबाब पाऊण तासाचा. मी लगेच म्हणालो, “मग एका बाजूला पाटील, दुसऱ्या बाजूला बाई.” हे मला कुणी सुचवलं नव्हतं, माझीच अक्कल. आणि तिच्यावर मी इतका खूश, की परतताना गाडीत ढोलकीवाल्याला तीनदा ऐकवलं.

तबकडी धो धो चालली. म्हणजे तिची एक बाजू चालली. पाटील संपला की सुई उचलायची आणि पुन्हा पाटीलच लावायचा. लग्नात तो, बाजारात तो, आणि ज्या ओसऱ्यांवर आम्हाला पाऊल ठेवू देत नसत तिथंही तोच. खुद्द आमच्या पाटलानं फोनो आणून तो वाजवला, असं ऐकलं.

बहीण लग्न होऊन बेलापूरकडे गेली होती, उसाच्या मळ्यात मजुरीला जायची. भेटायला गेलो तर तिनं पाणीसुद्धा विचारलं नाही.

“दादा, आमी पानी प्यायला निगालो की मुकादम तुझ्या पाटलाचा आवाज काढतो. आपल्या बाया बी हसत्यात. माझं बोलनं कुठं गेलं रं?”

“मागल्या बाजूला हाय की.”

“मंग ती बाजू कुनीच का लावंना?”

तसाच तणतणत मी बाजारातल्या हॉटेलात गेलो. मालकाला म्हणालो, तबकडी उलटी कर. त्यानं ती काढून दाखवली. एक बाजू सुईनं झिजून पांढुरकी झालेली, दुसरी कोरी करकरीत. “शाहीर, तिकडं मजा न्हाई. गिऱ्हाईक उठून जातं,” तो म्हणाला. मग आमच्यासाठी बाहेर खुंटीला अडकवलेला कप काढला आणि मोठ्या मानानं मला त्यातून चहा पाजला. आणि मी तो प्यायलो.

पुढं कंपनीचं पत्र आलं. पाटलाच्या आणखी गमती हव्यात, या खेपेला दोन्ही बाजूंना. नाही म्हणायला काय झालं होतं मला? पण अनोळखी गावात माणसं बोट दाखवून ‘शाहीर चालले’ म्हणायची, आणि त्याची मला चटक लागली होती. तिसऱ्या तबकडीत बाईला पुढच्या बाजूला घेईन, अशी मनाची समजूत घातली आणि गेलो.

नवी तबकडी घेऊन बहिणीकडे गेलो. तिनं ती उलटीपालटी करून पाहिली. “ह्याच्या म्हागं तरी मी हाय का?”

“पुढच्या खेपंला.”

“मंग ह्यात तू बी न्हाईस,” ती म्हणाली, आणि तबकडी माझ्या हातात परत देऊन कामाला लागली. त्यानंतर माझ्या एकाही जलशाला ती आली नाही.

तिसरी तबकडी निघाली नाही. कंपनीला माझ्याहून वरचढ सोंगाड्या मिळाला. आता कुणी बोलावलं तर मी हट्टानं आधी बाईचा जबाब म्हणतो. लोक जरा वेळ चुळबुळतात, मग मागून कुणीतरी ओरडतो, “शाहीर, पाटील होऊ द्या!” मी ऐकलं नाही असं दाखवतो. ते पुन्हा ओरडतात. आणि मग मी खाकरतो, मिशीला पीळ देतो.