मोटरीच्या कपाळावरचा शेंदूर

तर खुशालरावांनी पिशवीची चेन ओढली, घडी घातलेली बोट अकोल्याच्या त्या कार्यालयाच्या फरशीवर अंथरली आणि पायपंपाची नळी तिच्या तोंडात खुपसली, इथवर काल आलो होतो. मध्येच चहा आला आणि गोष्ट तिथंच राहिली.

एखादा माणूस पायानं किती रागावू शकतो, ते त्या दिवशी तिथल्या सगळ्यांनी पाहिलं. फुस्स, फुस्स. दर दाबाला खुशालराव ओठातल्या ओठात कुणाचा ना कुणाचा उद्धार करत होते. पहिला कप्पा भरेपर्यंत धरणावरचा चौकीदार झाला, दुसरा भरेपर्यंत अमरावतीच्या खिडकीतला बाबू झाला, आणि बोटीचं नाक वर उचललं गेलं तेव्हा समोर बसलेल्या साहेबाची पाळी आली. गोदाबाई बोटीच्या मोटरीचं पोतं पायाशी धरून बाकावर बसल्या होत्या. नवऱ्याला थांबवायचं नाही, हे त्यांनी चाळीस वर्षांपूर्वीच ठरवून टाकलं होतं. खुशालराव रागानं काम करतात तेव्हा काम लवकर होतं, असा त्यांचा अनुभव होता.

आता काल जे नव्हते त्यांच्यासाठी थोडं मागं जाऊ.

खुशालराव तिवसा तालुक्यातले. काळी जमीन, नऊ एकर. गावाजवळ धरण झालं तेव्हा त्यातली सहा पाण्याखाली गेली, आणि त्या सहा एकरांतच त्यांच्या वडिलांनी खणलेली विहीर होती. त्यानंतर कित्येक वर्षं या माणसानं त्या पाण्याकडे मान वळवून पाहिलं नाही. बैलं पाजायला न्यायची तरी नाल्यावर न्यायचे. मग एका दिवाळीला पुण्याहून मुलगा अंकुर आला तो ही रबरी बोट घेऊन. दोन दिवस पोरंबाळं खेळली, तो परत गेला आणि बोट गुरांच्या कोठ्यात पडून राहिली.

एक दिवस खुशालरावांनीच ती पाण्यात घातली. या काठाला मारुतीच्या देवळाचा कळस, त्या काठाला दोन टेकड्यांमधली खाच. शेतकरी आपल्या धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, खुणा विसरेल कशाला? कळस पाठीवर घेतला, खाच नाकासमोर धरली, वल्ही मारत मारत गेले आणि एका जागी थांबले. खाली त्यांची विहीर होती. दोरीला दगड बांधून सोडला तर तो बरोबर थाळ्यावर, विहिरीच्या काठच्या दगडी कुंडीवर, टेकला. मग तिथं थांबायला काहीतरी निमित्त हवं म्हणून गळ टाकून बसले. मच्छीमार सोसायटीकडून गळाचा परवाना काढला आणि रोज सकाळी जाऊ लागले. गावात सांगायचे, मासे धराले चाललो. घरात गोदाबाईंच्या गळ्यात माळ, मासा उंबऱ्याच्या आत यायचा नाही, सापडला तो परस्पर दुसऱ्याच्या घरी जायचा. खरं कुठं चालले ते एकट्या गोदाबाईंना ठाऊक. परत आले की त्या विचारायच्या, "काय म्हनते वावर?" आणि खुशालराव म्हणायचे, "बरं आहे."

मागल्या पोळ्याला बैलानं दोराला हिसका दिला आणि खुशालरावांचा उजवा खांदा निखळला. अमरावतीच्या डॉक्टरनं खांदा बसवला, पण वल्ह्याला हात लावायचा नाही असं बजावलं. तेव्हा अंकुरनं अडीच हॉर्सपॉवरची लहान मोटर पाठवली. दसऱ्याला तिची पूजा झाली. नारळ फोडला, हार घातला, आणि गोदाबाईंनी तेलात शेंदूर कालवला. खुशालराव म्हणाले होते, हात आखडू नको, ही पाण्यातली मशीन आहे, भरपूर लाव. मोटरीच्या पुढल्या बाजूला एक चकचकीत सपाट पट्टी होती. तेच तिचं कपाळ असं धरून गोदाबाईंनी तिच्यावर चांगला बोटभर जाड शेंदूर थापला. हा शेंदूर लक्षात ठेवा.

दुसऱ्या दिवशी पाण्यावर मोटर फुटफुटली आणि चौकीदार पंजाबराव शिट्टी वाजवत काठावर आला. पंजाबराव म्हणजे खुशालरावांच्या वर्गातला, चौथीपर्यंत त्यांच्याच पाटीवर लिहिणारा. तो म्हणाला, मोटर लावली म्हणजे नोंदणी लागते, नंबर लागतो, बिनानंबरची पुन्हा दिसली तर जप्त करीन. आणि वर सल्लाही दिला.

"मोटर काढून ठेव खुशाल, अन् वल्ही मार. वल्ह्याले कोनी काई इचारत नाही."

"माह्या खांद्याले इचार मंग," खुशालराव म्हणाले आणि बोट ओढून घरी घेऊन आले.

तो दिवस आणि अकोल्याचा हा दिवस, मध्ये चार महिने गेले. अमरावतीला नोंदणीच्या कार्यालयात गेले तर खिडकीतल्या बाबूनं अर्ज उलटासुलटा केला. गाडी असती तर झालं असतं म्हणाला, बोटीचा तपासणीवाला साहेब अकोल्याला बसतो, तोही गुरुवारीच. अकोल्याला गेले तर साहेब रजेवर. पुढल्या खेपेला साहेब भेटला, पण फोटोवर भागत नाही, बोट आणि मोटर समक्ष हजर करा म्हणाला. अर्जात एक रकाना होता, बोट कोणत्या लाकडाची. खुशालरावांनी तिथं रबर लिहिलं तर तो अर्ज परत आला, "इतर" या शब्दासमोर खूण करा म्हणून. आणि जिथं जाल तिथं तोच सल्ला, मोटर काढा, वल्ही मारा. पोस्टमनसुद्धा म्हणाला. चार महिने खुशालराव ओट्यावर बसून लांबूनच पाणी पाहत होते. अंगातला राग जायला जागा नव्हती, म्हणून तो चहावर निघायचा, रेडिओवर निघायचा. आपल्यावर निघायला लागला तेव्हा गोदाबाई म्हणाल्या, चला, या गुरुवारी मी येतो संगं. मोटरीचं पोतं डोक्यावर घेऊन त्या यष्टीत चढल्या.

तर आता या कार्यालयात या.

बोट पूर्ण फुगली आणि खोलीत मावेना. तिचं नाक साहेबाच्या टेबलाला लागलं आणि शेपटीनं दार अडवलं. साहेब म्हणजे केयूर नावाचा तिशीतला पोरगा, नीट भांग पाडलेला, बोलायला गोड. बाहेर जायची वाट बंद झालेली पाहून शिपाई भिंतीला पाठ लावून आतच उभा राहिला. साहेबानं टेप काढला, लांबी-रुंदी लिहिली, कप्पे दाबून पाहिले. मग मोटर काढायला सांगितली. गोदाबाईंनी पोत्याचं तोंड सोडलं.

साहेब वाकून बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, "काका, इंजिनाचा नंबर कुठंय?"

"मोटरीवरच असन."

"मोटरीवर शेंदूर आहे."

खुशालरावांनी पाहिलं. ती चकचकीत पट्टी, तिच्यावर चार महिन्यांत दगडासारखा वाळलेला शेंदूर, आणि त्याच्या खाली कुठंतरी नंबर. त्यांनी बायकोकडे मान वळवली. नंबरवरच काहून थापला, असं विचारायला तोंड उघडलं.

"मले काय माईत तो नंबर होता म्हून," गोदाबाई आधीच म्हणाल्या. "कपाळ समजून लावला. तुमीच त म्हनले हात आखडू नको."

आपलीच चूक निघाली की खुशालरावांचा राग दुप्पट होतो. तेवढ्यात साहेबानं अर्ज मिटला. नंबर झाकलेला असेल तर आपल्याला शेरा मारावा लागतो, चोरीच्या मोटरीचे नंबर असेच झाकून आणतात, साफ करून पुढच्या गुरुवारी या, असं तो शांतपणे म्हणाला.

चोरी हा शब्द ऐकला आणि खुशालराव बोटीत जाऊन बसले. अगदी मधोमध, मांडी घालून, दाराकडे पाठ करून. साहेबाच्या जेवणाची वेळ झाली होती, डबा बाहेरच्या खोलीत होता, आणि मध्ये बोट होती, बोटीत खुशालराव होते. ते म्हणाले, पुढला गुरुवार नाही. नंबर आजच वाचायचा. नंबर वाचल्याशिवाय ही बोट इथून हलत नाही, तुम्हाला जायचं तर माझ्या डोक्यावरून जा. साहेबानं काका, काका करून पाहिलं. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी समजावून पाहिलं. खुशालरावांनी त्यांना एकच सांगितलं, मी माझ्या बोटीत बसलो आहे, तुमच्या खुर्चीवर नाही.

मग शिपायानं कुठल्याशा खणातून ब्लेड काढलं आणि तो मोटरीशी उकिडवा बसला. तेव्हा मात्र गोदाबाई उठल्या. त्यांनी त्याचा हात मनगटाशी धरला.

"पूजेच्या शेंदराले ब्लेड लावतं का बापा? अन् खरडलं त नंबरबी जाईन त्याच्यासंगं."

त्यांनी पिशवीतून तेलाची शिशी काढली. खुशालरावांच्या खांद्याला रोज लावायचं तिळाचं तेल, ते प्रवासातही बरोबर असायचं. तेलानं बसलेला शेंदूर तेलानंच सुटतो, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, गावच्या मारुतीपाशी आयुष्यभर पाहिलं होतं. बोटावर तेल घेऊन त्या हळूहळू चोळत राहिल्या. शेंदूर मऊ झाला, बोटाला यायला लागला. पहिल्यांदा एक इंग्रजी अक्षर दिसलं, मग आकडे. पदरानं शेवटचं पुसलं तेव्हा पट्टी पुन्हा चकचकीत झाली होती. सुटून आलेला शेंदूर टाकायचा कुठं? त्यांनी तो बोटीच्या नाकावर लावला. तिथं कुठलाच नंबर नाही ना, हे आधी साहेबाला विचारलं.

साहेबानं आकडे मोटरीच्या खरेदीच्या पावतीशी ताडून पाहिले. एकदा पाहिले, पुन्हा पाहिले. सगळे जुळले. मग मात्र तो भराभर लिहायला लागला, शिक्का मारला, सही केली. डब्याची आठवण होती की लाज वाटली होती, देव जाणे. कागद हातात धरून, द्यायच्या आधी, तो हसला. माणूस वाईट नव्हता, पण गप्प बसला असता तर बरं झालं असतं.

"झालं बघा काका. एवढ्याशा कामासाठी एवढा राग? मासे काय, बाजारातही मिळतात."

खुशालराव बोटीतून उठले. ते साहेबाला म्हणाले:

"मासे मी खातच नाही साहेब. तुमी ज्याले तलाव म्हनता, त्याच्या खाली माहं सहा एकर वावर आहे, अन् वावरात माह्या बापानं खंदलेली इहीर आहे. ते पान्यात घालाले तुमच्या सरकारले माही एक सही लागली, ते बी उभ्याउभ्या घेतली. अन् मले माह्याच वावरावर जायाले तुमी चार महिने काठावर बसवून ठेवलं. मंग राग नाही येनार त काय येईन? द्या तो कागद इकडं. उद्या सकाळी मले वावरात जाचं आहे."