वासमाऱ्यांचा माणूस

"काल पुन्हा हरलो ना भाऊ."

गाडीत बसायचं, सीट मागे ढकलायची, एसीची जाळी स्वतःकडे फिरवायची आणि मग हे वाक्य. सीटबेल्ट त्यानंतर. बौशरहून अल् खुवैरच्या ऑफिसात जाताना रोज सकाळी मला हे ऐकावं लागे. कोण हरलं, असं विचारायची सोय नव्हती. इंग्लंडमधला एक फुटबॉल क्लब. टीव्हीवर दिसतात त्या बड्यांतला नव्हे, खालच्या, अगदी तळातल्या गटातला. त्या गावाचं नाव नकाशावर शोधायला मला चष्मा लावावा लागला होता. आणि हा नागपूरचा सिव्हिल इंजिनियर, इंग्लंडला एकदाही न गेलेला, म्हणणार काय, तर 'हरलो'!

तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल. त्याच्या वेडाची शिक्षा त्याला होत नाही, शेजारच्याला होते. मला झाली, कारण याच्याकडे लायसन्स नव्हतं. मस्कतमध्ये गाडीशिवाय माणूस म्हणजे लुळाच. ड्रायव्हिंगच्या परीक्षेत उभ्या ड्रमांच्या मधून गाडी उलटी घालायची असते, तिथे हा दर वेळी ड्रम पाडायचा आणि पोलिसाला म्हणायचा, "बरोबर होतं ना, ड्रमच पुढे होता." एका गल्लीत राहणारे, त्यातून एका समाजाचे, चौदा एप्रिलला एकाच हॉलमध्ये जमणारे. नाही कसं म्हणणार? बसवला गाडीत, तो पाच वर्षं बसला.

सुरुवातीला शुक्रवारीच काय ती पूर्ण सुट्टी, गुरुवारी कधी मिळे कधी नाही. शनिवारी ऑफिस. आणि त्याचे सामने शनिवारी. संध्याकाळी हा ड्रॉइंग समोर उघडून कानात एकच इयरफोन घालून बसायचा आणि अचानक टेबलावर मूठ आपटायचा. पुढे सरकारने शनिवारची सुट्टी केली. बाकीच्यांनी मॉलचे, समुद्राचे बेत केले. हा मला पेढा देऊन म्हणाला, "आता निवांत हरता येईल."

एकदा मी वैतागून विचारलंच. "अरे, जगात इतके क्लब आहेत. हाच कशाला?"

तर म्हणाला, "माझी पहिली नोकरी मस्कतपासून दूर, आत इब्र्याला. कॅम्पमध्ये सगळे आपलेच, मुंबई-पुण्याचे. पहिल्या रात्री मेसमध्ये ज्यानं त्यानं विचारलं, आडनाव काय? सांगितलं की पुढचा प्रश्न, म्हणजे तुम्ही कोण? दुसऱ्या दिवशी साइटवर एक म्हातारा गोरा सुपरवायझर भेटला. त्यानं विचारलं, टीम कोणती? मला टीमच नव्हती. तो म्हणाला, मग माझी घे."

मी गिअर बदलला.

पण म्हणून रोजचा छळ काही कमी झाला नाही. क्लबचा इतिहास त्याने मला इतक्या वेळा सांगितला, की आमच्या कंपनीचा नसेल तेवढा मला पाठ झाला. ते गाव चामडं कमावणाऱ्यांचं. कातडी भिजत घालणाऱ्या, खरवडणाऱ्या कामगारांनी क्लब काढला. आसपासचे क्लब खेळायला आले की त्यांचे लोक नाक धरून ओरडायचे, वास येतो, वास येतो! मग या लोकांनी काय करावं? तेच नाव घेतलं. बिल्ल्यावर कातडं खरवडायची दोन मुठींची सुरी काढली आणि स्टँडमध्ये उभं राहून गाऊ लागले, या, वास घ्यायला या. हा त्याचं मराठी करायचा 'वासमारे'. माझी बायको म्हणे, "अहो, जेवताना तरी तुमच्या मित्राला आवरा."

मग कधीतरी त्या क्लबला नवा मालक आला आणि माझ्या सकाळी आणखी नासल्या. मालकाचं म्हणणं, या नावाला, या सुरीला जाहिराती मिळत नाहीत. पुढच्या हंगामापासून नाव नवं, रंग नवा, बिल्ल्यावर उडता गरुड.

"गरुड!" हा डॅशबोर्डवर थापा मारत ओरडला. "त्या गावात कोणाच्या बापानं गरुड पाहिला?"

"माझा डॅशबोर्ड फोडू नकोस," मी म्हणालो.

त्या वर्षीच्या जयंतीला त्याला बोलायला पाच मिनिटं दिली होती. पांढरा शर्ट, समोर बायामुलं, मागे बाबासाहेबांचा हार घातलेला फोटो. हा उभा राहिला आणि 'बंधुभगिनींनो' म्हणून थेट त्या मालकावर घसरला. माणसानं क्लब विकत घेतला म्हणजे काय तिथल्या लोकांचा इतिहास विकत घेतला? टाळ्या वाजवायच्या की नाही, कोणालाच कळेना. शाळकरी मुलं तेवढी खूश, त्यांना पहिल्यांदाच मराठी भाषण समजलं होतं. मी शेवटच्या रांगेत मान खाली घालून बसलो. याला सोबत कोणी आणलं, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

परतताना माझा तोल गेला. "लाज वाटत नाही? आपल्या आज्या-पणज्यांनी मेलेली ढोरं ओढायचं सोडलं, म्हणून आपण आज एसी गाडीत बसलोय. आणि तू त्या गोऱ्यांच्या कातड्याच्या सुरीसाठी गळा काढतोस? त्याच हॉलमध्ये?"

त्याने एसीची जाळी माझ्याकडे फिरवली. मग म्हणाला, "आपल्या लोकांनी ते स्वतः सोडलं ना भाऊ. ठरवून सोडलं. कोण्या मालकानं येऊन पुसून नाही टाकलं. सोडणं वेगळं अन् पुसणं वेगळं."

आणि नंतर, "या नावाची शेवटची मॅच मी तिथे जाऊन पाहणार. एकदा तरी ती सुरी डोळ्यांनी पाहीन."

म्हाताऱ्या सुपरवायझरच्या मुलीने बोलावणं पाठवलं. म्हातारा वारून दोन वर्षं झाली होती, स्टँडमधली त्याची जागा ती याला देणार होती. व्हिसा मिळाला. राहिली रजा. मॅनेजर रोज म्हणायचा, इन्शाल्ला. एकदा इन्शाल्ला म्हणाला की समजावं, फाईल कपाटात गेली. तरी हा रोज सकाळी आशेने केबिनमध्ये जायचा आणि लाल होऊन बाहेर यायचा. मी म्हटलं, चढ्या आवाजात बोल जरा. माझ्यावर आणि माझ्या डॅशबोर्डवर ओरडणारा हा माणूस मॅनेजरपुढे मांजर होई. मला त्याचा इतका राग यायचा, की एकदा मीच आत गेलो आणि भांडून आलो. उपयोग शून्य. इब्र्याला बांधलेल्या इमारतीचं हँडओव्हर नेमकं मॅचच्याच शनिवारी ठेवलं. म्हणे, त्याच्याशिवाय होणार नाही. झालं! माझंही नाव त्याच यादीत.

मेमधला उन्हाळा. दिवसभर तपासायला आलेल्या कन्सल्टंटच्या मागे आम्ही जिने चढलो-उतरलो. तो नळ उघडून बघे, दारं लावून बघे. हा मुकाट्याने किल्ल्या देत होता. सहा वाजता सुटलो तेव्हा मॅच सुरू झाली होती. गेटच्या आत गाडी लावून, एसी चालू ठेवून, त्याने फोन डॅशबोर्डवर ठेवला. आवाज मध्येच तुटायचा. एकही गोल झाला नाही. इतकी रटाळ मॅच मी जन्मात ऐकली नाही, आणि त्याने एकदाही थाप मारली नाही.

शिट्टी वाजली. मी हुश्श करून गिअरला हात घातला.

"थांब," तो म्हणाला. "लोक उठून नाही राहिले."

कॉमेंट्रीवालाही तेच सांगत होता. खेळाडू आत गेले, फाटकं उघडली, तरी स्टँडमधलं कोणी जागचं हललं नव्हतं. घोषणा नाहीत, गाणं नाही. नुसते बसून आहेत, म्हणाला. त्यांच्यातली एक खुर्ची रिकामी होती, ती कोणाची ते गाडीतल्या आम्हा दोघांनाच माहीत.

त्यानंतर वर्षाच्या आत कंपनीने माणसं कमी केली, त्यात तो गेला. आता नागपूरला असतो, फोनवर फुटबॉलचा विषय काढत नाही, मीही काढत नाही. मला तो आठवतो तो त्या संध्याकाळचा. पाठ ताठ, हात मांडीवर, समोरच्या काचेकडे बघत बसलेला, जणू उठला तर तिकडचं कोणीतरी उठेल.

मला भूक लागली होती. मस्कतचा दोन तासांचा रस्ता पुढे होता, बायकोचे फोन येत होते. फोनमधला आवाजही एव्हाना बंद पडला होता. गेटवरचा पठाण वॉचमन कुलूप हातात घेऊन आला आणि त्याने काचेवर टकटक केलं. मी काच खाली केली.

"मॅच खलास, साब?"

मी शेजारी पाहिलं. तो हलला नव्हता.

"नहीं भाई," मी म्हणालो, "अभी चालू है."